कोळशाच्या खोलीतला बोका

प्रोस्टेटचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं, आता कडाक्याची थंडी पडली होती, तरी आदेमार सिल्वेइराला अजून खाली वाकायची धास्ती वाटायची. वाकलं, शिंकलं, कुणी हसवलं, की आतलं काहीतरी सैल सुटायचं आणि विजार ओली व्हायची. डॉक्टर म्हणाले होते, होईल हळूहळू, धीर धरा. पण ज्या माणसानं उभी हयात लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक हाकला, पावसाचिखलात रुतलेली चाकं स्वतःच्या खांद्यानं बाहेर काढली, त्याला लहान मुलासारखी विजारीत कापसाची घडी लावून हिंडायला सांगणं म्हणजे धीराची गोष्टच नव्हती. ती लाजेची गोष्ट होती.

त्या घड्या त्याची बायको सुल्मा आणायची. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून नाही. तो आदेमारचा ओळखीचा. ती पार बंदराजवळच्या दुकानात जायची आणि पालेभाजीच्या पिशवीत तळाशी घालून आणायची. घरात त्यावर दोघं चकार शब्द बोलत नसत. क्लबातल्या मित्रांना आदेमारनं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं होतं. क्लबात मातीच्या लांब पट्टीवर जड गोळे टाकायचा खेळ चाले, आणि पायसांदू गावात आदेमारच्या तोडीचा नेम कुणाचा नव्हता. पण गोळा टाकायचा म्हणजे गुडघ्यात वाकावं लागतं. त्यामुळे हर्निया काही बरा होईना.

पोचो हा सुल्माचा बोका. पिवळा, ढब्बू, एका कानाचं टोक तुटलेला. तिनं तो बंदरावर मासळीच्या टोपल्यांमागून उचलून आणला होता. आदेमारचं आणि त्याचं वैर नव्हतं, प्रेमही नव्हतं. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे ते राहायचे.

त्या आठवड्यात न्हाणीघरात थेंब दिसायला लागले. टबाच्या कडेला, फरशीवर, कधी हात धुवायच्या बेसिनमध्ये. छोटे, गुलाबीसर. पहिल्यांदा आदेमारनंच ते पाहिले आणि त्याला वाटलं, आपलेच. त्यानं दार लावलं आणि गुडघ्यावर बसून ते पुसून काढले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फरशी आधीच पुसलेली, आणि दाराआड नवं फडकं टांगलेलं. सुल्मा काही बोलली नाही. संध्याकाळी कपाटात घड्यांचं आणखी एक पाकीट आलं, मोठ्या मापाचं. आदेमारनं ते पाहिलं आणि कपाट लावून टाकलं. जेवताना त्यानं मसुराचा रस्सा तसाच बाजूला सारला.

मग सुल्मा बहिणीकडे गिचोनला गेली. बहिणीचा पाय मोडला होता, एक रात्र तिच्यापाशी राहून यायचं होतं. ती गेली त्याच दुपारी आदेमार न्हाणीघरात गेला, तर पोचो टबात बसलेला. पाठ कमानीसारखी, शेपूट ताठ, डोळे बारीक केलेले. तो कुंथत होता. बराच वेळ कुंथला आणि टबात एक थेंब पडला. एवढाच. मग तो उठला, चार पावलं चालून पुन्हा तसाच बसला.

आदेमारच्या अंगातून एकदम सगळं वर उसळलं. म्हणजे हा होता तर. आठवडाभर आपण ज्याच्यापायी मान वर करत नव्हतो, बायको ज्यासाठी न बोलता फडकी टांगत होती, ते या हरामखोराचं काम. त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर राग आला. पायातली चप्पल काढून त्यानं पोचोला मारलं. एकदा नाही. बोका ओरडला, पळायला गेला, घसरला. आदेमारनं त्याला मानगुटीला धरून अंगण ओलांडलं आणि कोळशाच्या खोलीत टाकून बाहेरून कडी घातली. "मूत आता इथं पाहिजे तेवढं," असंही तो म्हणाला. ते शब्द त्याला पुढे शब्दन्शब्द आठवत राहिले.

पोचो ओरडत होता. मांजर भुकेनं ओरडतं तसं नव्हे, खोल, घोगरं. आदेमारनं रेडिओवर मॅच लावली आणि आवाज वाढवला. मध्ये एकदा वाटलं, जाऊन बघावं. पण पाय उचलला नाही. अंधार पडल्यावर ओरडणं थांबलं, तेव्हा त्यानं मनाशी म्हटलं, झोपलं असेल.

सकाळी कडी काढली तेव्हा पोचो कोळशाच्या पोत्यांमध्ये आडवा पडला होता. तोंडाजवळ फेस, ओकारी. कान गार. पोटाला हात लावला तर आत लिंबाएवढं नव्हे, चांगलं मोसंब्याएवढं काहीतरी दगडासारखं टणक लागलं. आदेमारनं ट्रकवर असताना माणसं जखमी झालेली पाहिली होती. त्याला मरणाची चाहूल कळायची. त्यानं बोक्याला स्वतःच्या कोटात गुंडाळलं, अंगाला लागलेला कोळसा ओल्या फडक्यानं पुसला. का पुसला, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. तेवढ्यात सुल्माची बस लवकर आली आणि ती दारात उभी राहिली.

जनावरांच्या डॉक्टर बेंगोचेआबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. पोटाला बोटं लावताच त्यांचा चेहरा बदलला. बोक्याची लघवी तुंबली होती. नळीत खड्यांचा चिखल अडकून बसला होता, आणि विष रक्तात चढत चाललं होतं.

"शेवटची लघवी कधी केली यानं?" त्यांनी विचारलं.

सुल्मानं नवऱ्याकडे पाहिलं. घरी तोच होता.

"आज सकाळी," आदेमार म्हणाला. "केली की सकाळी. थोडी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि बोक्याला आत नेलं.

पहिल्या दिवशी त्यांनी नळी घालून मोकळं केलं. नळी काढली, पुन्हा तुंबलं. तेव्हा त्यांनी दोघांना बसवून सांगितलं की आता ऑपरेशनशिवाय गत नाही. बोक्याची नळी टोकाशी अगदी अरुंद असते. ते टोकच कापून टाकायचं आणि मागे, जिथं नळी रुंद आहे तिथं, नवं तोंड करायचं. म्हणजे यापुढे तो मांजरीसारखा बसून लघवी करेल. सुल्मानं विचारलं, जगेल ना. आदेमार आपल्या बुटांकडे पाहत बसला.

पोचो घरी आला तेव्हा अर्धा उरला होता. मागचा भाग सगळा भादरलेला, शेपटीखाली सुजलेली लाल जखम, तिच्या कडेनं काळे टाके, आणि गळ्यात जखम चाटू नये म्हणून प्लास्टिकचा मोठा पसरट पट्टा. त्याला लहान खोलीत ठेवायचं, उड्या मारू द्यायच्या नाहीत, वाळूऐवजी फाडलेले कागद द्यायचे, कारण वाळू जखमेला चिकटते. जखम पुसायची नाही, खरवडायची नाही. औषधं वेळेवर. आणि मुख्य म्हणजे, लघवी होतेय का यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. सुल्मा शाळेत स्वयंपाकाला जायची, सकाळी जाऊन दुपारी उशिरा परत. म्हणजे हे सगळं आदेमारवर आलं.

तो पहिल्यांदा एकटा त्या खोलीत शिरला तेव्हा काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. फरशीवर त्याच्या चपलांचा फटक फटक आवाज झाला आणि पोचो कोपऱ्यात सरकला, गळ्यातला पट्टा भिंतीवर आपटला, तो जागच्या जागी दबून बसला आणि त्याच्याखालून लघवी वाहायला लागली. रक्ताळ, भरपूर. भीतीनं.

आदेमार तसाच उभा राहिला. लघवी झाली म्हणून आनंद मानावा अशीच ती वेळ होती, डॉक्टरबाई त्याचीच तर वाट पाहत होत्या. पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोष्टीपायी तो स्वतः क्लबाची पायरी चढत नव्हता, तीच त्यानं या मुक्या जिवाला आपल्या नुसत्या पायरवानं करायला लावली होती.

त्यानं चपला काढून अंगणात ठेवल्या. त्या दिवसापासून तो घरात नुसत्या मोज्यांवर हिंडू लागला. तिकडे जुलैत ऐन हिवाळा, फरशी म्हणजे बर्फाची लादी. पायांतून कळ डोक्यात जायची. सुल्मानं विचारलं तेव्हा म्हणाला, चप्पल बोटाला लागते.

त्यानं वर्तमानपत्रं फाडून पट्ट्यांचे ढीग केले. गळ्यातल्या पट्ट्यामुळे पोचोला बशीत तोंड घालता येईना, म्हणून तो जमिनीवर आडवा होऊन बोटांवर मऊ मांस घेऊन धरायचा, चेहरा दुसरीकडे फिरवून, कारण त्याच्याकडे पाहिलं की बोका खात नसे. गोळी भरवताना पोचोनं त्याचा अंगठा फोडला. आदेमारनं हात मागे घेतला नाही. चाव, म्हणाला, चाव.

सुरुवातीला लघवी धरवत नसे. पोचो झोपेतही गळायचा. चादरी कमी पडू लागल्या, वाळता वाळेनात. एक दिवस सगळं ओलं होतं आणि खोलीत कोरडं काही उरलं नव्हतं, तेव्हा आदेमार कपाटाकडे गेला, ते मोठ्या मापाचं पाकीट फोडलं आणि आपल्या घड्या उलगडून बोक्याखाली अंथरल्या. छान बसल्या. सुल्मा शाळेतून आली, तिनं दारातून पाहिलं. तिच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी दोन पाकिटं आणली आणि यावेळी भाजीच्या वर ठेवली.

लोकांत मात्र ती त्याची तारीफ करू लागली. बहिणीला फोनवर सांगे, शेजारणीला कुंपणावरून सांगे, की माझा म्हातारा बोक्याला आईसारखा जपतोय, मला वाटलं नव्हतं हो. आदेमार आत बसून ते ऐके आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापत. एकदा तो म्हणाला, "पुरे कर ना ते." तिला वाटलं, लाजतोय. लाजतच होता, पण ती समजली त्या कारणानं नव्हे.

एका पावसाळी दुपारी दार्दो आला. क्लबातला जुना जोडीदार, पोट सुटलेला, मोठ्या तोंडाचा, मनानं वाईट नाही. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाच्या पाल्याच्या कडू काढ्याचा तुंबा. सुल्मानं तोर्ता, मैद्याच्या जाड पुऱ्या, तळून ठेवल्या होत्या. त्या खात, तुंबा एकमेकांना देत दोघं बसले. दार्दोनं उघड्या दारातून पोचोला पाहिलं, ऑपरेशनची हकीकत ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

"म्हणजे कापलंच की सगळं. मग आता पोचो कसला, पोची म्हण. झगा शिव लेका तिला."

आदेमार हसला. सवयीनं. हसता हसता आतलं सुटलं आणि त्याला मांडीवर ऊब जाणवली. तो खुर्चीत तसाच आवळून बसला. दार्दो पुढे बोलतच होता, की त्यापेक्षा एक गोळी घातली असती तर बरं, बिचाऱ्या नराची जात, असलं जिणं काय कामाचं.

"हर्निया नव्हता माझा," आदेमार म्हणाला.

"काय?"

"प्रोस्टेट होतं. काढलं. आता मलापण धरवत नाही. आत्ताही नाही धरवलं. म्हणून येत नाही मी क्लबात."

बाहेर पाऊस पडत होता. दार्दोनं तुंब्यात पाणी ओतलं, जरा जास्तच ओतलं, टेबलावर सांडलं. मग म्हणाला, अरे, ठीक आहे की, त्यात काय. मग म्हणाला, निघतो, कुत्र्याला बाहेर ठेवलंय. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाला, "मी कुणाला बोलणार नाही." आदेमार म्हणाला, बोल. शनिवारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं. औषधवाला रस्त्यात भेटला तर जरा जास्तच आदरानं वागला. आदेमारला वाटलं होतं, ते कळलं तर आपण मरूच. मेला वगैरे काही नाही. पण हलकंही वाटेना. कारण खरी लाज ती नव्हतीच. ती अजून आतच होती, कोळशाच्या खोलीत.

टाके काढायच्या दिवशी सुल्मानं शाळेतून रजा घेतली आणि दोघं टोपली घेऊन गेले. बाहेरच्या खोलीत पाचसहा माणसं बसली होती, कुणाच्या मांडीवर कुत्रं, कुणाच्या हातात पिंजरा. बेंगोचेआबाई टोपली परत द्यायला स्वतः बाहेर आल्या. जखम सुरेख भरली होती. धार चांगली होती. सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "खरं सांगू, हा जगेल असं मला वाटलं नव्हतं. सेन्योर सिल्वेइरा, तुमच्यामुळे जगला हा."

बाकावरच्या एका बाईनं कौतुकानं मान हलवली. सुल्मानं नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला.

आदेमारला तो हात सहन झाला नाही.

"माझ्यामुळे मरत होता," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सकाळी लघवी केली म्हणालो मी, ते खोटं होतं. आदल्या दुपारपासून त्याला होत नव्हती. मी पाहिलं होतं. टबात कुंथताना पाहिलं आणि चपलेनं मारलं. मग कोळशाच्या खोलीत कोंडलं. तो ओरडत होता आणि मी रेडिओ लावून बसलो होतो."

कौतुक करणाऱ्या बाईनं आपल्या कुत्र्याला जवळ ओढलं. बेंगोचेआबाईंनी टोपलीचं झाकण नीट लावलं.

"सकाळचं नव्हतं हे मला रक्तावरून कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मारल्याचं माहीत नव्हतं." मग त्यांनी सुल्माकडे वळून सांगितलं की पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायला आणा. टोपली त्यांनी सुल्माच्याच हातात दिली.

परतताना सुल्मा पुढे चालत होती. टोपली जड होती, ती हात बदलत होती, पण आदेमारनं हात पुढे केला तेव्हा तिनं ती दुसऱ्या बाजूला घेतली. त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. जेवण वाढायची, मीठ पुढे सरकवायची. पोचोला तिनं आपल्या खोलीत नेलं. आदेमार बाहेरच्या कोचावर झोपू लागला. तिनं तसं सांगितलं नव्हतं, त्यानंच उशी उचलली होती.

एका रविवारी ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि तो तिला चिमटे देत होता. ती तोंड न वळवता म्हणाली, "न्हाणीघरातले ते थेंब मला तुझे वाटले होते."

"माहीत आहे."

"गुलाबी होते. रक्त होतं त्यांत. मला दिसलं होतं. मी म्हटलं, याला विचारलं तर हा शरमेनं मरेल. म्हणून पुसून टाकले. एकदा जरी तोंड उघडलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं की माझा म्हातारा नाही, बोका आजारी आहे."

"तुझा काय दोष त्यात."

"आहे तेवढा आहे. माझा मी बघेन." तिनं चादर झटकली. "पण चपलेचं मी विसरणार नाही, आदेमार. विसरले असं कधी समजू नकोस."

"नाही समजणार," तो म्हणाला.

तिनं हात मागे केला, त्यानं चिमटा दिला. त्या दिवशी संध्याकाळी त्याची उशी पुन्हा पलंगावर होती.

पोचो अंगानं भरला. मागचे केस आले, जरा फिकट रंगाचे. मांजरीसारखा नीट बसून लघवी करू लागला, आणि त्याला त्याची काडीची लाज नव्हती. आटोपलं की कागद उकरून, शेपूट उभारून निघून जाई. आदेमारनं बशी ठेवली की तो खायचा, पण आदेमार चार पावलं मागे सरल्यावर. मांडीवर तो कधी आला नाही. आदेमारनंही कधी बोलावलं नाही.

गावात मात्र त्याचं नाव झालं. हर्नियाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं, प्रोस्टेटचंही नव्हतं. बोका कोंडणारा म्हणून लोक त्याला ओळखू लागले. वसंतात, नदीकाठची झाडं जांभळी फुलली होती तेव्हा, एका भल्या सकाळी दारात एक अनोळखी म्हातारी उभी राहिली. शालीत गुंडाळलेला करडा बोका तिच्या छातीशी.

"बोक्याला कोळशात कोंडणारा माणूस इथंच राहतो का?" तिनं विचारलं.

आदेमारच्या मानेवर रक्त चढलं. "हो," तो म्हणाला. "मीच."

तिनं त्याला खालून वर पाहिलं. नजरेत माया मुळीच नव्हती. पण शाल तिनं बोक्याभोवती घट्ट आवळून धरली होती. "हा रात्रीपासून बेसिनमध्ये बसतोय," ती म्हणाली. "काही होत नाही त्याला. घरचे म्हणतात, वय झालंय, नखरे करतोय. तुम्हाला कळेल म्हणाले लोक."

आदेमारनं वाकून शालीखाली हात घातला आणि बोक्याचं पोट हलकेच चाचपलं. तेच, दगडासारखं टणक. मग गाडीची किल्ली घ्यायलासुद्धा तो आत धावत गेला. दवाखाना येईपर्यंत म्हातारी मागच्या सीटवर बसून होती, बोक्याला कुशीत घेऊन, आणि आदेमारशी एक अक्षर बोलली नाही. खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता, त्यानं जमेल तेवढी गाडी जोरात हाकली.